ओटीपोटाची कैफियत

आमच्या खामगावच्या जुन्या घरात माडीकडे जाणाऱ्या जिन्याखाली, केरसुणीच्या वरच्या खिळ्याला, बारदानाचा एक चौकोनी तुकडा कायम टांगलेला असे. कापसाच्या गाठींना गुंडाळतात त्याच जाड तागाचा तो तुकडा. त्याच्या एका कोपऱ्यावर कुठल्याशा प्रेसचा निळा शिक्का अर्धवट उरला होता आणि वारंवार धुतल्यामुळे त्याचा खरखरीतपणा पार गेला होता. आजी कुठेही बसावयास निघाली, मग ते शेजारचे हळदीकुंकू असो की देवळातले कीर्तन असो, तो तुकडा चौघडी करून पदराखाली घेई, बायकांच्या रांगेत अगदी शेवटी, दाराजवळ, तो अंथरी आणि त्यावर बसे. आम्हा मुलांना वाटे, आजीचे सोवळे कडक, म्हणून तिचे आसन निराळे. बायका थट्टामस्करी करू लागल्या म्हणजे ती गुडघे एकमेकांशी आवळून, पदर तोंडाला लावून म्हणे, ‘‘हासवू नोका वं बायांनो मले,’’ आणि बायका आणखीच हसत. हसणाऱ्या त्या बायकांपैकी कित्येकजणी तेच दुःख पदराआड बाळगून असाव्यात, हे ध्यानात यावयास मला स्वतःची दोन बाळंतपणे आणि वयाची पन्नास वर्षे खर्ची घालावी लागली.

या दुःखाला आमच्या भागातल्या बायकांच्या बोलण्यात नाम असे नाहीच. आहेत ती सारी क्रियापदे. लघवी धरवत नाही, खोकलं की निसटते, मोरीपर्यंत पोचवत नाही, सारखं ओलं राहतं, एवढ्यावर ते भागविले जाते, आणि तेही जावेच्या किंवा थोरल्या बहिणीच्या कानात. वैद्यकाच्या मराठी लिखाणात ‘मूत्र-असंयम’ असा शब्द योजलेला आढळतो. शब्द शास्त्राला धरून असेल, परंतु मला तो कधी रुचला नाही. कारण संयम हा आपल्याकडे सद्गुण मानलेला, तो सुटला तर दोष ज्याचा त्याच्या माथी, आणि जिचे स्नायू सात बाळंतपणांनी झिजून गेले तिला असंयमी म्हणणे हा भाषेने केलेला अन्याय होय. ज्यांना आपण अडाणी म्हणत आलो त्या बायकांचे व्याकरण याहून सूक्ष्म होते. त्या ‘धरत नाही’ म्हणत नाहीत, ‘धरवत नाही’ म्हणतात; इच्छा आहे, प्रयत्नही आहे, शक्ती मात्र उरलेली नाही, हा सगळा तपशील त्या एका ‘व’मध्ये सामावलेला असतो.

खामगावचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याला साधनांची वाण पडत नाही. १८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी येथे दुकाने थाटून तूप, सूत आणि थोडाबहुत कापूस यांचा व्यापार आरंभिला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखाली आले. १८६१ पासून अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली, आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरांचा लोहमार्ग खुला करण्यास प्रत्यक्ष व्हाइसरॉय लॉर्ड मेयो या गावी आले. १८९७ च्या कापूस व धान्य बाजार कायद्याने वऱ्हाडातल्या बाजारांतील तराजू, वजने, अडत आणि दलाली यांचा चोख बंदोबस्त केला. गाठी किती बांधल्या, किती रवाना झाल्या, भाव काय फुटला, याच्या नोंदी ठेवणारे कारकून होते, त्या तपासणारे अंमलदार होते. खानेसुमारीच्या कारकुनांनी तर १८८१ पासून १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी माणसांची व्यंगेही मोजली. परंतु त्यांच्या तक्त्यात रकाने चारच होते: वेड, मूकबधिरत्व, अंधत्व आणि महारोग. उंबऱ्याआड बसून दिवसातून दोनदा लुगडे पिळणाऱ्या बाईला त्या चारांत जागा नव्हती. असती तरी कारकून घरच्या कर्त्या पुरुषाला विचारणार, आणि कर्त्या पुरुषाला ते ठाऊक नसणार. म्हणून ही कैफियत दफ्तरातून काढता येत नाही. ती बाजेवरून, बारदानावरून आणि दोरीवर दुसऱ्या लुगड्याच्या आड वाळत घातलेल्या जुनेराच्या घड्यांवरून वाचावी लागते.

‘ओटी’ हा एक शब्द घेतला तरी या गावच्या स्त्रीचे अर्धे आयुष्य त्यात सापडते. सवाष्णीच्या पदरात तांदूळ, नारळ आणि खण घालतात ती ओटी. वेचणीच्या दिवसांत कमरेला खोचलेल्या लुगड्याच्या ज्या झोळीत मजूर बाई पहाटेपासून कापूस भरीत जाते तीही ओटीच. आणि बेंबीखालचा जो भाग, ज्यात गर्भाशय व मूत्राशय शेजाऱ्यांप्रमाणे एका भिंतीने नांदतात, ते ओटीपोट. सगळीकडचे नवरात्र आटोपून देव्या विसर्जित झाल्या म्हणजे खामगावात कोजागरीपासून जगदंबेचा उत्सव सुरू होतो आणि मोठ्या देवीपुढे ओटी भरणाऱ्या बायकांची रीघ लागते. देवीची ओटी भरण्यात जो आदर आहे तो याच अवयवाचा, त्याच्या सर्जनशक्तीचा आदर आहे. पण तोच अवयव थकला, सैलावला, तर त्याविषयी बोलणे अमंगळ ठरते आणि अंग ओले झाले या धास्तीने ती बाई गाभाऱ्याची पायरीही चढत नाही. आजी उत्सवाला जाई ती सभामंडपाच्या खांबापर्यंत. तिच्या वतीने ओटी भरावयास आई पुढे जाई.

शरीरात होते काय, हे आमच्या घरातल्या एखाद्या वस्तूवरून सांगावयाचे तर बाजेवरून सांगता येईल. कमरेच्या हाडांच्या चौकटीवर स्नायूंची एक बाज विणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार तिच्यावर असतो, आणि मूत्रमार्गाचे तोंड आवळून धरणे हेही तिचेच काम. बाळंतपणात ही वीण ताणली जाते, कधी उसवते. पुढे वय वाढून मासिक पाळी थांबली की तेथील पेशींचा कस आणखी कमी होतो. मग खोकल्याने, शिंकेने, हसण्याने, पाण्याची घागर उचलण्याने पोटात दाब वाढला की थेंब निसटतात. दुसरा प्रकार घाईचा: मूत्राशय अवेळी आकुंचन पावते, कळ येते आणि मोरी गाठण्याआधीच सारे संपते. कित्येकींना दोन्ही एकत्र असतात. कधी गर्भाशयच खाली सरकते, त्याला बायका ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात, आणि त्याबरोबर मूत्राशयही आपली जागा सोडते. जगभरच्या पाहण्यांतून असे दिसते की प्रौढ स्त्रियांपैकी निदान चौथ्या हिश्श्याला हा उपद्रव कमीअधिक प्रमाणात होतोच. म्हणजे आजीच्या त्या कीर्तनातल्या बैठकीत दाराजवळची जागा पुरेशी नव्हती.

आता या बाजेवर खामगावच्या व्यापाराने किती ओझे टाकले ते पाहा. वेचणीला बाईला मजुरी वजनावर. ओटी जितकी जड तितके पैसे अधिक, आणि ती जड ओटी नेमकी ओटीपोटावर लोंबणारी. शेतातून डोक्यावर गाठोडे घेऊन बांधापर्यंत यावयाचे, तेथून बंडीत भरावयाचे. सरकी काढण्याच्या जिनात गेली तर यंत्राच्या तोंडी कापूस घालण्याच्या कामाला बायकाच अधिक. तेथे रुईचा बारीक धुराळा हवेत इतका दाट असे की हंगामभर खोकला हटत नसे, आणि ज्या बाईला खोकताना लघवी धरवत नाही तिला रोज आठ-दहा तास खोकत उभे राहणे म्हणजे काय शिक्षा होती, हे वेगळे सांगावयास नको. १९११ च्या कारखाना-कायद्याने स्त्रियांच्या रात्रीच्या कामाला मनाई केली खरी, परंतु सरकी काढण्याच्या व गाठी दाबण्याच्या कारखान्यांना त्यातून सूट ठेवली, कारण कापसाचा हंगाम थांबत नाही. स्त्रियांकरिता निराळी, आडोशाची मुतारी आणि संडास कारखान्यात असलाच पाहिजे, अशी स्पष्ट तरतूद १९४८ च्या कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने केली. सबंध हिंदुस्थानात गाजलेल्या या कापसाच्या पेठेत लाखो रुपयांची रुई दरसाल तोलली गेली. ती तोलून देणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र आपल्या गरजेपुरता कापूस कधी आला नाही. तिला जुनेर, चिंध्या आणि बारदान.

बाळंतपणाच्या आपल्या चालीरीतींना सरसकट नावे ठेवण्याची सुशिक्षितांत एक पद्धत पडून गेली आहे; मी त्या पंक्तीत बसू इच्छीत नाही. बाळंतिणीने सव्वा महिना बाजेवरून उतरू नये, जड उचलू नये, वाकून काम करू नये, बाजेखाली शेगडी ठेवून शेक घ्यावा, पोट मऊ लुगड्याने बांधावे, डिंक, खोबरे, अळीव खावे, या सांगण्यात शतकांचा अनुभव साठलेला आहे, आणि त्यातला विश्रांतीचा भाग तरी आजच्या वैद्यांनाही मान्य होण्याजोगा आहे. ताणलेल्या स्नायूंना सावरण्यास निदान सहा आठवडे लागतात, आणि सव्वा महिना हा त्याच हिशेबाच्या जवळपास येतो. दोष रूढीत नव्हता, तो तिच्या वाटणीत होता. ज्या घरी कणगीत ज्वारी होती त्या घरच्या सुनेला सव्वा महिना मिळे. जिच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटे ती बाराव्या दिवशी मूल झोळीत टांगून शेताच्या बांधावर हजर असे. तिची बाज पुन्हा विणली जाण्याआधीच तिच्यावर ओझे पडे, आणि दोन वर्षांनी पुन्हा पाळणा हले.

या सगळ्याहून भयंकर असे एक रूप होते, आणि ते बालविवाहाच्या पोटी जन्मले होते. तेराचौदा वर्षांच्या मुलीचे हाड पुरते वाढलेले नसते, मूल अडते, सुईण आपल्या परीने यत्नांची शर्थ करते, पण तिच्या हाती शस्त्र नसते आणि डॉक्टर पन्नास कोसांवर. मुलाचे डोके दोन-दोन, तीन-तीन दिवस मूत्राशयाला हाडावर दाबून धरते, तेथील मांस रक्ताअभावी मरते, आणि मूल बहुधा मृत जन्मल्यानंतर आठदहा दिवसांनी ते मेलेले मांस गळून पडून मूत्राशयाला भोक पडते. तेव्हापासून लघवी रात्रंदिवस वाहत राहते. खोकल्याची वाट पाहत नाही, घाईचा इशारा देत नाही. पंधरा वर्षांची ती पोर मूल गमावून बसलेली, अंगाला दर्प येणारी, जांघा सोललेल्या, आणि नवऱ्याने माहेरी धाडलेली; माहेरी तिची बाज गोठ्यात. कित्येक घरांत या अवस्थेला पूर्वजन्मीचे पाप म्हटले गेले, आणि त्या मुलींनी ते मानले, ही गोष्ट मला त्या व्याधीहून अधिक जाळते.

खामगावला आज लोक रजतनगरी म्हणतात. येथल्या चांदीच्या शुद्धतेची ख्याती सराफ्याबाहेर दूरवर पोचलेली आहे, आणि भेसळीची चांदी खामगावी मिळत नाही असे आमच्याकडे लोक अभिमानाने बोलतात. चांदीची गोष्ट येथे काढण्याचे कारण असे की त्या वाहत्या जखमेवरचा पहिला भरवशाचा उपाय चांदीनेच दिला. अमेरिकेतील अलाबामा प्रांतात जे. मॅरियन सिम्स नावाच्या शस्त्रवैद्याने १८४५ पासून चार वर्षे अशा स्त्रियांवर शस्त्रक्रिया करून पाहिल्या. रेशमाचे टाके पिकत आणि उकलत. शेवटी १८४९ मध्ये त्याने सोनाराकडून चांदीची केसासारखी बारीक तार काढून घेतली, तिने टाके घातले आणि जखम सांधली. १८५२ मध्ये त्याने ती पद्धत प्रसिद्ध केली. ज्या स्त्रियांवर हे प्रयोग झाले त्या गुलाम होत्या, संमती देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि गुंगीच्या औषधावाचून त्यांनी सारे सोसले. ॲनार्का, बेट्सी आणि लूसी ही त्यांपैकी तिघींची नावे. एकट्या ॲनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्र चालले. २०१८ मध्ये न्यूयॉर्क शहराने सिम्सचा पुतळा उद्यानातून हलविला, ते योग्यच झाले. आमच्या सराफ्यातल्या एखाद्या कारागिराला जंतरीतून चांदीची तार ओढताना पाहिले की मला पैंजण आठवत नाहीत, त्या तिघी आठवतात.

तार सापडली, पण गोठ्यातल्या बाजेपर्यंत ती पोचावयास फार काळ लागला. पुरुष डॉक्टरपुढे आमच्या बायका जात नसत, आणि स्त्री डॉक्टर नव्हत्याच. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या, त्यांचे मूल दहा दिवसांत गेले, आणि १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. १८८५ मध्ये लेडी डफरीन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य पुरविण्याचा निधी उभा राहिला. अमरावतीच्या स्त्री-रुग्णालयाला आजही माणसे ‘डफरीन’ म्हणतात आणि अकोल्याच्या रुग्णालयाला ‘लेडी हार्डिंग’. आमच्या गावच्या अडलेल्या बाईला बंडीत घालून अकोल्याकडे निघत, तेव्हा सुमारे पन्नास किलोमीटरांची वाट तिच्या जिवाशी पैज मारी.

आणि एक खरीखुरी कैफियत या काळात लिहिली गेली, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. १८९० मध्ये हिंदुस्थानात काम करणाऱ्या पन्नासांहून अधिक स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला आणि अल्पवयीन बायकोच्या शरीराची काय दशा होते याची स्वतः पाहिलेली उदाहरणे, नावे न घेता, एकामागून एक नोंदविली. त्या वर्षी आणि पुढल्या वर्षी संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्यात जे वादळ उठले त्यात टिळक एका बाजूला आणि आगरकर दुसऱ्या बाजूला होते हे सर्वश्रुत आहे. धर्मशास्त्र, परकीय सरकारचा अधिकार, लोकमत, सर्व मुद्द्यांचा कीस पडला. टिळकांवर आमच्या वऱ्हाडाची भक्ती. माझ्या आजोबांच्या खोलीत त्यांची तसबीर होती आणि तिला मीही नमस्कार करीत आले. तरीही हे लिहिलेच पाहिजे की त्या वादात वर्तमानपत्रांच्या रकान्यांपेक्षा त्या अर्जातील उदाहरणांचे वजन अधिक होते, आणि ते फार थोड्यांनी तोलले. १८९१ च्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारावर नेले. मुलीच्या लग्नाचे वय चौदा करणारा शारदा कायदा १९२९ मध्ये संमत झाला. गोठ्यातल्या बाजा हळूहळू कमी झाल्या त्या या कायद्यांनी थोड्या, शाळांनी थोड्या आणि पोट कापून मूल काढण्याची सोय तालुक्यापर्यंत आली तिने पुष्कळ.

लघवी सुटण्याच्या व्यथेला लागूनच दुसरी एक व्यथा आहे, ती लघवी दाबून धरण्याची. चरकाने सूत्रस्थानात एक सबंध अध्याय अडवू नयेत अशा वेगांना दिला आहे. असे वेग तेरा, आणि त्यांत अग्रभागी मूत्राचा. सुश्रुताने उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार सांगताना ‘मूत्रातीत’ म्हणून जो विकार वर्णिला तो वेग फार वेळ रोखल्याने होणारा. शास्त्र इतके स्पष्ट असताना बाजाराच्या दिवशी खामगावात आलेली खेड्यातली बाई सकाळी घरून निघाल्यापासून सायंकाळी परत पोचेपर्यंत वेग रोखूनच वावरे, कारण पेठेत धर्मशाळा होती, पाणपोई होती, देवळे होती, तिच्यासाठी आडोसा तेवढा नव्हता. तिने त्यावर उपाय काढला तो पाणी न पिण्याचा. आणि त्याने मूत्र दाट होऊन दाह, जंतुसंसर्ग आणि घाई ही तीनही वाढत. मुंबईसारख्या नगरीत बायकांना ‘राइट टू पी’ या नावाची चळवळ २०११ मध्ये उभारावी लागली, तेव्हा तालुक्याच्या गावाची कथा काय!

लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९७ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. मूत्राशयाचा त्रास किती आहे एवढेच तिने न विचारता, त्या त्रासाने तुमचे घरकाम, प्रवास, माणसांत मिसळणे, नवऱ्याशी असलेले नाते, झोप आणि मनाची स्थिती यांवर काय परिणाम झाला हे तिने विचारले. किती थेंब पडले याने दुःखाचे माप होत नाही, आयुष्यातून काय काय वजा झाले त्याने होते, ही जाण त्या प्रश्नांमागे आहे आणि ती मला मोलाची वाटते. फक्त प्रश्न खामगावच्या बाईला विचारावयाचे तर ते येथल्या मातीतले हवेत. कीर्तनात कुठे बसता? दुसऱ्याच्या घरी पाणी घेता का? लेकीच्या सासरी मुक्काम करता, की दिवेलागणीआधी परतता? एस.टी.त बसण्याआधी किती तास पाणी सोडता? नातवाला मांडीवर घेऊन उंच झेलता का? पांढरे लुगडे नेसणे केव्हा सोडले? खदखदून केव्हा हसलात?

आजीला हे प्रश्न कुणी विचारले नाहीत, पण तिची उत्तरे मी आता जुळवू शकते. ती रात्री तीनदा उठे, आणि एकदा अंधारात पाय घसरून पडली तेव्हापासून मोरीच्या दाराशीच निजू लागली. माझ्या आत्याचे सासर मेहकरला. आजी तिथे एकदाही राहिली नाही, आणि ‘‘आईला माझं घर गोड लागत नाही’’ हा सल आत्या शेवटपर्यंत बाळगून होती. कुणी चहा पुढे केला की आजी म्हणे, ‘‘माहा उपास हाये.’’ आठवड्यातून तिचे चार उपास असत. आषाढी आटोपून गजानन महाराजांची पालखी पंढरपुराहून परतते, ती खामगावी मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे येथून शेगावला जाते. त्या सुमारे १७ किलोमीटरांच्या वाटेवर सारे गाव पालखीमागे लोटते. आजीची महाराजांवर निष्ठा निस्सीम. तरीही ती पालखीमागे कधी गेली नाही. ओट्यावर उभी राहून, पालखी वळणाआड होईपर्यंत हात जोडून असे, आणि मग आत जाऊन भांडी घाशी. आम्ही तिला विचारीत असू, ‘‘आजी, तू का नाही गं येत?’’ ती म्हणे, ‘‘पाय दुखतात वं.’’ तिचे पाय चांगले होते.

मला स्वतःला हा त्रास सुरू झाला तेव्हा मी एका मोठ्या शहरातल्या इस्पितळात दाखवावयास गेले. तेथल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितले, ‘‘वय झालं, चालायचंच.’’ मी शिकलेली, पगार मिळविणारी. तरी त्या एका वाक्याने मी पुढली दोन वर्षे गप्प बसले. मग खेड्यातली बाई गप्प बसते यात तिचा काय दोष? विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीत, डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिले की त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आहे, आणि पूर्वी कधीतरी तपासणी झालेल्या त्यांत जेमतेम ८ टक्के होत्या. ती पाहणी केवळ या व्याधीची नव्हती, परंतु बायका बोलत नाहीत हा समज तिने खोटा ठरविला. विचारणारी बाई समोर बसली तर बायका बोलतात, घडाघडा बोलतात.

आणि बोलल्यास उपाय आहेत. अंग बाहेर आलेल्या तरुण स्त्रीचे गर्भाशय न काढता ते वर टांगून ठेवण्याच्या ज्या शस्त्रक्रिया जगभर गेल्या त्यांतील दोन शिरोडकर आणि पुरंदरे या आपल्या इकडच्या डॉक्टरांच्या नावांनी ओळखल्या जातात. मूत्रमार्गाखाली पट्टीचा आधार देण्याची स्वीडनमधील रीत १९९० नंतरची. परंतु सर्वांत साधा उपाय शस्त्रावाचूनचा आहे. अमेरिकेतील डॉ. अर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू हे दंडाच्या स्नायूंप्रमाणेच व्यायामाने बळकट होतात. लघवी मध्येच थांबविताना जे स्नायू आत ओढले जातात ते ओळखावयाचे, मोकळ्या मूत्राशयाने ते आवळून पाचसहा अंक मोजेपर्यंत धरावयाचे, सोडावयाचे. असे एका वेळी आठदहादा, दिवसातून तीनदा, आणि निदान तीन महिने खंड न पाडता. बाजेची वीण सैल पडली म्हणून कुणी बाज टाकून देत नाही, पायथ्याची दोरी ओढून घेतो, तसेच हे. सगळ्यांना याने पूर्ण गुण येतो असे नाही, भोक पडलेल्या मूत्राशयाला तर टाकेच हवेत. पण खोकताना निसटणाऱ्या थेंबांसाठी पहिला उपाय हाच, आणि त्याला पैसा लागत नाही.

माझी मामी त्रेसष्ट वर्षांची. तरुणपणी तिने वेचणीचे बारा हंगाम काढले, चार बाळंतपणे काढली, आणि गेल्या साली दिवाळीत फराळ करता करता तिने मला हळूच सांगितले, ‘‘मले धरवत नाही वं.’’ मी तिला घेऊन बसले. ज्वारी निवडताना, देवापुढे माळ ओढताना, ती ते स्नायू आवळून अंक मोजू लागली; जपाच्या मण्यांवरच तिने व्यायामाची गणती बसविली. संक्रांत गेली, होळी गेली. या श्रावणात पालखी खामगावी आली तेव्हा पहाटे चारला मामी चप्पल घालून आमच्या दारात उभी. आम्ही दोघी निघालो. वाटेत दोन ठिकाणी ती आडोशाला जाऊन आली, एकदा जोराची शिंक आली तेव्हा थांबली, पदर चाचपला आणि पुन्हा चालू लागली. ऊन वर आल्यावर एका गावच्या पोरांनी रस्त्याच्या कडेला माठ मांडले होते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाण्याचे पेले देत होते. मामीने एक घेतला, उभ्यानेच रिकामा केला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.